घडी खात्यातल्या उभ्या बायका

टॉवेलच्या कारखान्यात कापसाची बारीक रुई सारखी उडत असते. केसांत बसते, भुवयांवर बसते, चहाच्या कपात तरंगते. संध्याकाळी झाडून काढली तरी सकाळी पुन्हा तेवढीच! आमच्याकडचे किस्सेही असेच. कुणी मुद्दाम गोळा करत नाही. दुपारी बॉयलरच्या मागच्या कडुलिंबाखाली डबे उघडतात, कडक भाकरीवर शेंगाचटणी पडते आणि कुणीतरी म्हणतं, "आज काय झालं म्हाईत हाय का?" की झालं सुरू!

माझा नवरा म्हणतो, "तुमच्या कारखान्यात काम होतं का नुसते विनोद होतात?" आता त्याला काय सांगणार? हसायचं सोडून दुसरं काय करायचं, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

मी सुमन. सोलापुरात अक्कलकोट रोडला परदेशी जाणाऱ्या टॉवेलांचा एक कारखाना आहे, त्यात घडी खात्याची सुपरवायझर. सुपरवायझर म्हणजे काय, तर दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना स्वतः उभं राहून "हात चालवा" म्हणणारी बाई! विणून, धुऊन, शिवून झालेला टॉवेल आमच्या टेबलावर येतो. त्याची तिहेरी घडी घालायची, लेबल वर आणायचं, वरून हात फिरवायचा आणि पुढे ढकलायचा. सगळं उभ्याने. टेबल आमच्या छातीला लागतं. ते कुणी बनवलं देव जाणे, पण माणूस उंच असणार.

आमच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणजे नरसम्माक्का. घरात तेलगू, बाहेर मराठी आणि रागात दोन्ही! कारखान्याच्या पायाभरणीला नारळ फुटला तेव्हा खोबरं वाटायला मीच होते, असं ती सांगते. नवरा लवकर गेला, दोन मुली तिने या टेबलाशी उभं राहून वाढवल्या आणि उजवल्या. तिची एकच इच्छा. परमनंट व्हायचं. आजारी पडलं तर पगार चालू राहावा, म्हातारपणी पोरींच्या दारात हात पसरायला लागू नये. बास. मुलगी सासरहून माहेरपणाला आली की पहिला प्रश्न हाच विचारायची, "अम्मा, झालं का?" आणि नरसम्माक्का म्हणायची, "होतंय, होतंय. साहेब बोललेत."

साहेब कारखाना सुरू झाल्यापासून बोलत आहेत. साहेब बदलले, बोलणं तेच आहे.

*

आमच्याकडे ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी नव्हे. काही महिने भरत आले की कंत्राटदार आम्हाला कागदावर काढून टाकतो, थोडे दिवस घरी बसवतो आणि मग दुसऱ्या कंत्राटदाराच्या नावावर 'नवीन कामगार' म्हणून परत घेतो. माणूस जुना झाला तर हक्क मागेल ना! म्हणून माणसाला जुनं होऊच द्यायचं नाही.

आता नवीन कामगार म्हटला की त्याला ट्रेनिंग द्यायचा नियम आहे. आणि नियम म्हणजे नियम!

एका ब्रेकनंतर एचआरला एक मुलगी नवीन आली होती. ती मात्र खरंच नवीन. पुण्यात शिकलेली, स्वभावाने गोड, शिकवायची मनापासून हौस. तिने आम्हा सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बसवलं, हातात टॉवेल धरला आणि एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, "मावशी, याला टेरी टॉवेल म्हणतात. घाबरून जायचं नाही. हळूहळू जमेल."

नरसम्माक्का पहिल्या रांगेत होती. तिने मान वाकडी करून टॉवेलकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "व्हय का? कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय की!"

मुलगी खूश! "बघा, मावशींना आवड आहे!"

शेवटी घडी घालून दाखवायची परीक्षा होती. नरसम्माक्का सगळ्यांत चटपटीत नवी कामगार ठरली. मुलीने तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. आम्हीही वाजवल्या. चांगल्या जोरात वाजवल्या!

*

बिरूचा किस्सा बिरूच्याच तोंडून ऐकायला हवा. तो आमच्याकडे माग खात्यात विणायला होता. गाव सांगोल्याकडचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लग्नाचं वय झालं तेव्हा त्याचा बाप एका गावी मुलगी बघायला गेला. मुलीच्या बापाने विचारलं, "पोरगा काय करतो?"

"मेंढरं राखतो."

"आमची पोरगी रानोमाळ हिंडायची न्हाय."

झालं! बापाने मनाला लावून घेतलं. मेंढरं विकली आणि पोराला सोलापुरात आमच्या कारखान्यात चिकटवला. पँट, शर्ट, गळ्यात ओळखपत्र. मग दुसऱ्या गावी मुलगी बघायला गेले. तिथला बाप जरा हुशार निघाला. म्हणाला, "नोकरी परमनंट हाय का?"

"न्हाय, कंत्राटी हाय."

"बरं मग. मेंढरं किती हायती?"

"इकली की!"

मुलीच्या बापाने पुढे केलेला पोह्यांच्या बशीचा हात मागे घेतला म्हणे! हे सांगताना बिरू स्वतःच इतका हसायचा की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

एकदा असाच कडुलिंबाखाली बसला होता. अंगात बारीक ताप, खोकला. मी म्हटलं, "बिरू, घरी जा, डॉक्टरला दाखव." तर म्हणतो, "ताई, आमचं मेंढरू खोकलं तर माझा बा डॉक्टर आणायचा. हितं मी खोकलो तर दुसरा माणूस आणत्यात!"

आम्ही पोट धरून हसलो. माझ्या खात्यातल्या शमीमआपाला ठसका लागला, तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

दिवाळीनंतर तो तापाने पडला. बरा होऊन आला तेव्हा त्याच्या मागावर दुसरा माणूस उभा होता. बिरू गेटवरूनच परत गेला. श्रीपूरकडे ऊसतोडीच्या टोळीत गेला, असं ऐकलं. तेव्हापासून तो विनोद आमच्यात कुणी सांगत नाही. आज मी सांगितला, पण सांगून मलाच बरं वाटेना.

*

ऑडिट हा आमच्याकडचा सण! ज्या परदेशी दुकानांत आमचे टॉवेल जातात, त्यांची माणसं अधूनमधून बघायला येतात, की इथले कामगार सुखात आहेत ना. ते यायच्या आधी कारखान्यात लग्नघर असतं. भिंतींना चुना, दारात कुंड्या, प्रथमोपचाराची पेटी. संडासात साबण दिसला की आम्ही एकमेकींना म्हणतो, "आला गं सण!"

एका ऑडिटला पाळणाघर पाहिजे होतं. पाळणाघराची पाटी गोदामाशेजारच्या खोलीवर कायमचीच आहे. आत पुठ्ठ्याची खोकी असतात. खोकी हलवली, भिंतीवर हत्ती-ससे चिकटवले, खेळणी आणली. राहता राहिलं काय? पोरं! शमीमआपाला सांगण्यात आलं, "घरात लहान मूल असेल तर आणा." तिने तीन वर्षांचा नातू आणला. आणखी दोघी-तिघींनी आणली.

पाहुणी बाई आली, तिने पोरं बघितली, फोटो काढला, खूप गोड हसली. नातू झुलत्या घोड्यावर बसला होता तो उतरायलाच तयार नाही! संध्याकाळी त्याला ओढून काढावा लागला. खेळणी कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं आणि खोकी परत आपल्या जागेवर आली.

दुसऱ्या दिवशी शमीमआपा उशिरा आली. मी विचारलं, "आपा, का गं उशीर?"

"क्या बोलूं सुमन! पोट्टा सुबा से रोरा. मेरेकू कंपनी जाना, घोडे पे बैठना, करके." तिने पदर खोचला, टेबलाशी उभी राहिली आणि पहिला टॉवेल ओढत म्हणाली, "अल्ला की कुदरत देख. उसकू आना है करके रोता. मेरेकू आना पड़ता करके मैं रोती!"

*

खुर्च्यांचा किस्सा तर अख्ख्या एमआयडीसीत गाजला.

झालं असं, की आदल्या ऑडिटला त्या बाईने लिहून ठेवलं होतं, की घडी खात्यात बायकांना बसायला काही नाही. म्हणून पुढच्या ऑडिटच्या सकाळी टेम्पो भरून खुर्च्या आल्या. लाल प्लास्टिकच्या, पाठीवर मंडपवाल्याचं नाव रंगवलेल्या!

नरसम्माक्काचे पाय तेव्हापासूनच सुजायला लागले होते. पोटऱ्यांवर निळ्या शिरा गाठी मारल्यासारख्या. तिने खुर्ची पदराने पुसली, देवाच्या पाटावर बसावं तशी हळूच बसली आणि डोळे मिटले. म्हणाली, "अय्यो, सुमन! बसून काम करणाऱ्या बायका किती सुखी असतील गं!"

डोळे उघडले तेव्हा समोर टेबलाची कड. नाकासमोर! तिचीच नव्हे, सगळ्यांची तीच गत. टेबल उभ्या माणसाचं, खुर्ची मंडपातली. रांगेत नुसती डोकी आणि बोटं दिसत होती. हात वर करून घडी घालायला गेलं तर टॉवेल तोंडावर! एकेक जण उठून उभी राहायला लागली. तेवढ्यात काचेपलीकडून मॅनेजरसाहेबांनी हाताने खूण केली, 'बसा, बसा!' सगळ्या बसल्या. टॉवेलांचा ढीग साचला. साहेबांची दुसरी खूण, 'घडी, घडी!' सगळ्या उठल्या. परत 'बसा!' परत 'घडी!' शाळेतल्या कवायतीलासुद्धा आम्ही इतक्या उठाबशा काढल्या नव्हत्या.

पाहुणी बाई आत आली तेव्हा सगळ्या उभ्या होत्या. तिने दुभाष्यामार्फत नरसम्माक्काला विचारलं, "खुर्ची आहे, तरी तुम्ही उभ्या का?"

नरसम्माक्का म्हणाली, "बसलं तर काम होत न्हाय, उभं ऱ्हायलं तर पाय ऱ्हात न्हाईत. आता तुमीच सांगा बाई, काय करू?"

दुभाष्याने हे एवढं मोठं वाक्य दोन शब्दांत सांगितलं. काय सांगितलं ते रिपोर्ट आल्यावर कळलं. 'खुर्च्या उपलब्ध आहेत. कामगार उभे राहणे पसंत करतात.'

संध्याकाळी खुर्च्या टेम्पोत चढल्या. दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी लग्न होतं. मी धीर करून साहेबांना म्हटलं, "साहेब, खुर्च्या राहू द्या आणि टेबलांचे पाय थोडे कापून घेऊ. काम होईल."

साहेब दचकले. "टेबलाचे पाय? ती कंपनीची मालमत्ता आहे!"

मागून नरसम्माक्का म्हणाली, "मग आमचे कापा की साहेब. आमचे तर कंपनीचे न्हाईत!"

*

एकदा नरसम्माक्काच्या वस्तीत गरिबांची पाहणी करायला माणूस आला. घरात पत्रा, एक बल्ब, कोपऱ्यात चूल. सगळं काही गरिबीला शोभेसं होतं! पण खिळ्याला कारखान्याचं ओळखपत्र लटकत होतं. तो म्हणाला, "आजी, तुम्ही तर नोकरदार. तुम्ही गरीब कशा?" आणि पुढच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी ही एचआरकडे गेली. "मी कंत्राटी हाय, पगार थोडा हाय, येवढं लिहून द्या की." एचआरची मुलगी हळहळली, पण म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्या कामगार नाही ना. कंत्राटदाराकडून आणा." कंत्राटदार म्हणाला, "तुमचा ब्रेक पुढच्या आठवड्यापासून धरलाय. मी कसं लिहून देऊ?"

दुपारी ती डबा न उघडताच बसली. म्हणाली, "तिकडं म्हणत्यात तू नोकरदार. हिकडं म्हणत्यात तू आमची न्हाईस. मग मी हाय तरी कोण?"

शमीमआपाने तिचा डबा ओढून उघडला, भाकरी तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमच्यात म्हणतात ना अक्का, दोन घरचा पाहुणा उपाशी? वो तूच है. खा!"

*

हा छोटा आहे. जुळे सोलापुरात एका हॉलमध्ये व्याख्यान होतं. विषय, 'सन्मानाचे काम, गरिबीवर मात'. आयोजकांना समोर खरे कामगार हवे होते. कारखान्याने आमच्या खात्याला गाडीत घालून पाठवलं.

वक्ते चांगले होते, हे मी आजही म्हणेन. म्हणाले, हाताला नुसतं काम असून भागत नाही. उद्याची खात्री नसेल, दुखण्याखुपण्याला आधार नसेल, तर माणूस जन्मभर राबतो आणि गरीबच मरतो. एक शब्द खोटा नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या विहारात दर रविवारी मुलांना मी हेच सांगते, शिका म्हणून, पण इतकं नीट मला कधी सांगता आलं नाही. आमच्या बायकांना कसं वाटतंय म्हणून मागे वळून बघितलं.

अख्खी रांग गाढ झोपली होती! गादीची खुर्ची, एसी, पाठ टेकायला जागा. आणखी काय पाहिजे? आयोजकांपैकी एका बाईंना राग आला. त्यांनी माईक नेऊन थेट नरसम्माक्कासमोर धरला. "मावशी, तुमच्या मते सन्मानाचं काम म्हणजे काय?"

नरसम्माक्काने झोपेतून उठून इकडेतिकडे बघितलं. मग खुर्चीच्या मऊ हातावरून हात फिरवला. म्हणाली, "हेच की."

हॉल टाळ्यांनी दणाणला. पगाराच्या दिवशी कळलं, की त्या दिवशी आम्हा सगळ्यांची गैरहजेरी लागली होती. कामावर नव्हतो ना!

*

यानंतरच्या किश्शात हसण्यासारखं काही नाही. पण तो गाळला तर शेवटचा कळणार नाही.

नरसम्माक्काचे पाय फारच बिघडले. डॉक्टर म्हणाले, "उभं राहायचं नाही." ती म्हणाली, "मग काय उडू?" डॉक्टर म्हणाले, "निदान पोटऱ्यांना घट्ट पट्टी बांधा." आमच्याकडे टॉवेलांच्या कडा कापून जो कचरा पडतो, त्यातल्या लांब पट्ट्या तिने पायांना गुंडाळायला सुरुवात केली. तो कचरा रोज जाळतात. कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

गेटवर सुटताना बायकांची झडती होते. टॉवेल चोरून नेऊ नये म्हणून. त्या आठवड्यात झडतीला नवी बाई होती. तिच्या हाताला साडीखाली काहीतरी लागलं. रांग थांबली. नरसम्माक्काला सगळ्यांसमोर पायांवरच्या पट्ट्या सोडायला लावल्या. मागे माग खात्यातले पुरुष उभे होते. ती एक पाय भिंतीला टेकवून सोडत होती, सोडत होती, पट्टी संपेना. आतले पाय बघितल्यावर झडतीवाल्या बाईनेच तोंडाला पदर लावला. "अक्का, मी काय करू? मी बी कंत्राटीच हाय."

साहेबांपुढे नेलं. साहेब म्हणाले, "कचरा असला तरी माल कंपनीचाच. नियम सगळ्यांना सारखा." मला साहेबांचं टेबल त्यांच्याच अंगावर उलटं करावंसं वाटलं. आजही वाटतं.

नरसम्माक्काच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. त्या मळक्या पट्ट्यांची तिने एकेक करून तिहेरी घडी घातली, वरून हात फिरवला आणि चळत साहेबांच्या पुढ्यात ढकलली.

*

आता शेवटचा.

साहेब माणूस वाईट नाही. त्यांनाही वरून फोन येत असतात. ते पाय बघून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही, असं शिपाई सांगत होता. शिवाय पुढच्या महिन्यात ऑडिट होतं आणि त्या बाईने पुन्हा नरसम्माक्कालाच काही विचारलं तर? तेव्हा वरच्यांनी आणि साहेबांनी मिळून ठरवलं, नरसम्माक्काला सन्मानाने निरोप द्यायचा.

कॅन्टीनमध्ये कार्यक्रम झाला. मंडपवाल्याच्या त्याच लाल खुर्च्या. मधल्या खुर्चीवर नरसम्माक्का, ठेवणीतलं हिरवं इरकल नेसून. तिला आदल्या दिवशी फक्त एवढंच सांगितलं होतं, की उद्या तुमचा सत्कार आहे. धाकटी मुलगी सासरहून मुद्दाम आली होती. मला बाजूला घेऊन तिने हळूच विचारलं, "सुमनताई, अम्माला परमनंट केलं का हो?" मी तिच्याकडे बघूच शकले नाही.

एचआरच्या मुलीने माईकवर सुरुवात केली. "आपल्या कारखान्याच्या सगळ्यात जुन्या, ज्येष्ठ, अनुभवी कामगार..."

इतकी वर्षं नवीन होती बिचारी, त्या दिवशी एकदम जुनी झाली!

साहेबांनी शाल पांघरली, हातात नारळ दिला, फोटो झाला. साहेब म्हणाले, "नरसम्मा, खूप उभ्या राहिलात. आता घरी बसा. आराम करा." टाळ्या वाजल्या. शाल, नारळ आणि टाळ्या. एवढंच. शमीमआपा हुंदके देत होती. नरसम्माक्का मात्र नारळाची शेंडी कुरवाळत बसली होती, कसला तरी विचार करत. भाषण करा म्हटलं तर नको म्हणाली. लेकीचा हात धरून, पाय ओढत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी तिची जागा रिकामी होती. कुणी तिथे सरकायला तयार नव्हतं. साहेब खात्याच्या दारात उभे होते, तिच्या जागेवर कुणाला लावायचं ते मला सांगत होते. तेवढ्यात गेटकडून नरसम्माक्का येताना दिसली. रोजची साडी, हातात रोजचा डबा, काखेत एक पिशवी.

ती साहेबांसमोर थांबली. पिशवीतून शाल काढली. शालीची तिहेरी घडी घातलेली होती, लेबल वर. त्यावर नारळ ठेवला आणि ते सगळं साहेबांच्या हातात दिलं.

साहेब गडबडले. "नरसम्मा, अहो, हे काय? काल तुम्ही रिटायर झालात!"

"साहेब, परमनंट माणसं रिटायर होत्यात की," नरसम्माक्का म्हणाली. "मला परमनंट कधी केलं तेवढं सांगा. लगेच जाते."

साहेब हातात नारळ घेऊन उभेच राहिले. भोंगा वाजला. नरसम्माक्का आपल्या जागेवर येऊन उभी राहिली, डबा टेबलाखाली ठेवला आणि पहिला टॉवेल ओढला.